जायफळाची राई आणि फळ न धरणारे झाड

पूर्वी अपरांत देशात, समुद्राकाठच्या सिंधुवेला नगरात अरिष्टवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी त्या नगरातल्या एका माळ्याच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव अंकोल होते. वयात आल्यावर वडिलांमागून ते राजाच्या जायफळांच्या राईचे मुख्य माळी झाले.

ही राई नगरापासून अर्ध्या योजनावर, दोन टेकड्यांमधल्या ओलसर खोऱ्यात होती. जायफळ काही त्या भूमीचे मूळचे झाड नव्हे. अंकोलाच्या आजोबांच्या वेळी पूर्वेकडच्या दूरच्या बेटांवरून आलेले एक तारू किनाऱ्याला लागले होते. त्यातला एक म्हातारा खलाशी तापाने फणफणला होता. सोबत्यांनी त्याला वाळूवर उतरवले आणि ते पुढे निघून गेले. आजोबांनी त्याला घरी आणून महिनाभर पेज पाजली. बरा झाल्यावर त्याने कमरेची पिशवी सोडली. तिच्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या बिया होत्या. तो म्हणाला, ही आमच्या बेटावरची झाडे. बी वाळले की मरते, म्हणून मी समुद्रभर हे शेवाळ ओले ठेवीत आलो. ती पिशवी आजोबांच्या हातात देताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. हे बी कोणाला द्यायचे झाले तर मूठभर द्यावे, एकटे बी कधी देऊ नये, असा त्याच्या लोकांचा रिवाज होता. असे का, ते त्याला सांगता आले नाही. वाडवडील सांगत आले, एवढेच त्याला ठाऊक होते.

त्या पिशवीतून आणि मागाहून झाडांखाली रुजलेल्या रोपांतून राई वाढत गेली. अंकोलाच्या वेळी तिच्यात एकशेसाठ झाडे होती. श्रावणात फळे पिकत. लहान कैरीएवढे पिवळे फळ आपोआप उकले, आणि आत लाल जाळीत गुंडाळलेले काळे, चकचकीत बी दिसे. त्या फळातले काही टाकून देत नसत. वरचा गर मिठात घालून बरणीत भरत. लाल जाळी उन्हात वाळवली की तिची जायपत्री होई, ती सणाच्या भातात पडे. बियांचे कवच फोडले की आत जायफळ. पुरणात, खिरीत, साखर घातलेल्या दह्यात ते किसून घालत. म्हाताऱ्यांना पोटासाठी देत. तान्ह्या मुलांना सहाणेवर दुधात एक वळसा उगाळून चाटवत, म्हणजे मूल शांत झोपे आणि आईलाही झोप मिळे.

शरदातल्या पौर्णिमेला कौमुदी उत्सव असे. त्या दिवशी राजवाड्याच्या दारात दुपारपासून दुधाच्या कढया चढत. पहिले जायफळ मुख्य माळ्याने स्वतःच्या हाताने किसायचे, आणि मग नगरातल्या प्रत्येकाला एकेक द्रोण दूध मिळायचे. त्याच दिवशी, त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाने राजा एक जायफळ देई. मूल राजाचे असो की कोळ्याचे, जायफळ एकच. घरोघर ते जपून ठेवत. अमक्याचे जायफळ अजून अर्धे शिल्लक आहे, असे लोक म्हातारपणी कौतुकाने सांगत.

अंकोलाची एक सवय होती. प्रत्येक झाडाला त्याने काथ्याची एक दोरी बांधली होती. झाडाची एक टोपली फळे उतरली की तो त्या दोरीला एक गाठ मारी. अशा बावीस वर्षांच्या गाठी त्या दोऱ्यांवर होत्या. संध्याकाळी काम आटोपले की तो झाडाझाडापाशी उभा राहून दोरीवरून बोटे फिरवी. त्याची बायको सामा म्हणे, बाकीचे नवरे देवापुढे बसतात, माझा दोऱ्यांपुढे उभा राहतो.

एका वर्षी राजाने आपल्या सर्व उद्यानांवर चित्रगोप नावाचा नवा अधिपती नेमला. चित्रगोप लबाड नव्हता. तो झपाट्याचा माणूस होता, आणि जे डोळ्यांना दिसते त्याच्यावरच त्याचा विश्वास होता. माघ महिन्यात त्याने राई पायी फिरून पाहिली. ज्या झाडावर कोवळे फळ दिसले नाही, त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढायला लावले. फेरी संपली तेव्हा सत्तर झाडांवर पांढरे पट्टे होते.

त्याने राजापुढे आपले म्हणणे मांडले. एकशेसाठांपैकी सत्तर झाडांनी आजवर एक फळ दिलेले नाही. ती सारखेच पाणी पितात, सारखेच खत खातात, सारखी जागा अडवतात. परदेशचे व्यापारी जायफळासाठी बंदरात ताटकळतात आणि आपण निम्मी राई नुसती पाने मोजायला ठेवली आहे. ही झाडे तोडून तेथे नवी लावावीत.

राजाला ते पटले. अंकोलाला बोलावून तोडणीची आज्ञा देण्यात आली. तेव्हा बोधिसत्त्व काही दोऱ्या खांद्यावर घेऊन राजसभेत आले. ते म्हणाले, की फळ न धरणाऱ्या झाडांच्या गर्दीत उभी असलेली फळझाडे पाहावीत, त्यांच्या दोऱ्यांवर गाठीला गाठ लागून आहे. पूर्वेच्या टोकाला तशी झाडे थोडी आहेत, तिथल्या दोऱ्यांवर गाठी विरळ आहेत. फळझाडाला फूल एकेकटे येते. त्या दुसऱ्या झाडांना फुलांचे झुबके येतात, आणि त्यांत पिवळी धूळ असते. बारीक काळे किडे ती धूळ पाठीवर घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

“महाराज,” ते म्हणाले, “ती झाडे वांझ नाहीत. ती बाप आहेत.”

सभेत हसू पिकले. चित्रगोपही हसला.

“अंकोला, तू झाडांची लग्ने लावून देतोस हे आम्हांला ठाऊक नव्हते. वऱ्हाडी कोण असतात? किडे?”

“किडेच,” बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले.

सभा आणखी हसली. राजाने दोऱ्या हातात घेऊन पाहिल्या, पण गाठींवरून त्याला काही उमगले नाही. अंकोलाने दोन वर्षांची मुदत मागितली, ती चित्रगोपाने नाकारायला लावली. तरी राजा मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, तुझ्या घराण्याने ही राई वाढवली आहे, तेव्हा तुला काय हवे ते एक माग. बोधिसत्त्वांनी ओढ्यापलीकडचे एक पट्ट्याचे झाड मागितले. खडकाळ उतारावर ते एकटेच उभे होते. चित्रगोपाने त्यावर एक अट घातली. ज्याला निरुपयोगी झाडाचा इतका लोभ आहे, तो राजाच्या राईत कामाचा नाही. झाड हवे तर माळीपद आणि माळ्याचे घर सोडावे.

बोधिसत्त्वांनी झाड घेतले.

घरी हे ऐकून सामाने हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाली, “घर गेले, राई गेली, आणि हाती आले काय? एक झाड. तेही असे, की ज्याने आजवर सुपारीएवढे फळ दिले नाही.”

“सावली चांगली आहे त्याची.”

“मग सावलीत बसून उपाशी राहू,” ती म्हणाली, आणि उठून भांडी बांधायला लागली. चार दिवसांत तिनेच त्या उतारावरच्या झोपडीच्या भिंती लिंपल्या. दोघे खडकांमधल्या मातीत नाचणी आणि अळू लावून राहू लागले.

फाल्गुनात एकोणसत्तर झाडे पडली. कुऱ्हाडींचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू येई. तेवढे दिवस बोधिसत्त्व कामाला गेले नाहीत. आपल्या झाडाच्या बुंध्यावरचा चुना ते ओल्या फडक्याने पुसत बसले.

त्या श्रावणात राईला भरघोस फळ आले. माघात धरलेली कोवळी फळे झाडांवर होतीच, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऊनही भरपूर येत होते. एकेक फळ टपोरे झाले. राजाने चित्रगोपाला भर सभेत शेला दिला. कौमुदीच्या दुधात त्या वर्षी दुप्पट जायफळ पडले. बाजारात अंकोल दिसला की लोक त्याला विचारत, तुझ्या बापाला किती मुले झाली? बोधिसत्त्व म्हणत, पुढच्या श्रावणात विचारा. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून लोकांना चिडवण्यातही फार काळ गोडी वाटली नाही.

कार्तिकापासून राईत फुले आली. ती नेहमीसारखीच होती, एकेकटी, मेणासारखी. पण ती दोन दिवस राहिली आणि गळून पडली. नवी आली, तीही गळाली. चित्रगोपाने दुप्पट खत घालायला लावले, मग पाणी वाढवले, मग यज्ञ केला. श्रावण आला तेव्हा सगळ्या राईत तीनच झाडांवर फळ होते. ओढ्याच्या अगदी काठावरची ती तीन झाडे होती, अंकोलाच्या झाडाच्या समोरची.

त्या वर्षी कौमुदीचे दूध नुसते दूध होते. लोकांनी ते घेतले, पण द्रोण रिकामा करून कोणी दुसऱ्यांदा रांगेत आले नाही. नगरात त्या वर्षी जन्मलेल्या मुलांना जायफळ मिळाले नाही. त्यांत राजाचा नातूही होता. लोकांना चुटपुट लागली ती दुधापेक्षा याची. थोरल्याला आहे आणि धाकट्याला नाही, असे त्या नगरात कधी झाले नव्हते.

कुजबुज तर श्रावणापासूनच सुरू झाली होती. अंकोलाने राईवर करणी केली, असे कोणीतरी म्हणाले. नाहीतर नेमकी त्याच्या दारासमोरचीच झाडे कशी फळली? म्हणून त्या तीन झाडांच्या फळांना कोणी हात लावला नव्हता, आणि कौमुदीला तीही उपयोगी पडली नाहीत. चित्रगोपाला तो समज सोयीचा वाटला, आणि काही दिवसांनी तो त्याला खराही वाटू लागला. त्याने राजापुढे मागणी केली की ते झाड तोडावे आणि अंकोलाला बायकोसह देशाबाहेर घालवावे.

राजाने अंकोलाला बोलावले आणि करणी केलीस का, असे सरळ विचारले.

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, मी काही केलेले नाही. तीन झाडांपाशी बाप उरला होता, बाकीच्यांपाशी नव्हता. ओढ्यापलीकडून किडे तेवढेच लांब जातात. आता फुलांचे दिवस आहेत. मला या मोसमापुरती परवानगी द्या. माझ्या झाडाच्या फांद्या मी राईत नेऊन टांगतो. पुढच्या श्रावणात फळ आले नाही, तर झाड तोडा आणि मला घालवून द्या.”

त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली, ती ऐकून सभेला नवल वाटले. पूर्वेच्या टोकाची बारा झाडे तशीच सोडावीत, त्यांना फांदी लावू नये. नाहीतर फळ आल्यावर लोक म्हणतील, की यंदा हवाच चांगली होती.

ज्याच्या डोक्यावर हद्दपारी टांगली आहे तो आपली बारा झाडे आपणहून हरायला ठेवतो, हे राजाने यापूर्वी पाहिले नव्हते. त्याने परवानगी दिली.

पंचाहत्तर झाडांना पुरतील इतक्या फांद्या एका झाडाच्या काढायच्या होत्या, आणि एकदा नव्हे, मोसमभर दर आठ दिवसांनी. पहिल्या सकाळी बोधिसत्त्व कोयता घेऊन झाडाखाली उभे राहिले. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि मनात म्हटले, तुझ्यासाठी मी घर सोडले, आज तुझे अंग मागतो आहे, रागावू नकोस. मग ते वर चढले. प्रत्येक फांदी त्यांनी फुटव्याच्या डोळ्याच्या वर, तिरकी कापली, म्हणजे झाडाला पुन्हा फुटता यावे. खाली सामा वेळूच्या नळ्यांत पाणी भरून एकेक फांदी त्यांत खोचत होती.

एवढ्या नळ्या दोघांना नेता येणार नव्हत्या. हे ऐकून ज्यांच्या मुलांना जायफळ मिळाले नव्हते त्या आया आपणहून आल्या. कोळणी आल्या, कुंभारणी आल्या, काहींच्या कडेवर ती मुलेही होती. फुललेल्या फांद्या उंच धरून त्या ओळीने ओढा उतरून राईकडे निघाल्या. सामा मागून चालत होती.

“वरात निघाली म्हणायची,” ती म्हणाली. “फक्त वाजंत्री नाही.”

राईच्या तोंडाशी चित्रगोप पाहायला उभा होता. बोधिसत्त्वांनी एक नळी त्याच्यापुढे धरली आणि तो उंच आहे, तेव्हा वरच्या फांदीला त्यानेच बांधावी, असे सांगितले. त्याने ती घेतली, का घेतली ते त्यालाही कळले नाही. ती बांधताना पिवळी धूळ त्याच्या बोटांना लागली. थोड्या वेळाने एक काळा किडा तिच्यावर येऊन बसला. चित्रगोप बोट न हलवता तो उडेपर्यंत उभा राहिला.

मार्गशीर्ष संपला तेव्हा ओढ्यापलीकडचे झाड काठीसारखे उघडे झाले होते.

“सावली होती, तीही गेली,” सामा म्हणाली. पण त्या उन्हाळ्यात ओढ्यावरून पाणी आणून झाडाच्या मुळांना घालायला तीच दोन वेळा जात असे.

माघात राजा स्वतः राईत आला. पाहतो तो फांदीफांदीवर हिरवी, सुपारीएवढी फळे. श्रावणात पुन्हा आला तेव्हा नगरातले निम्मे लोक त्याच्या मागे होते. राई पिवळी झाली होती. लोकांच्या देखत एक फळ उकलले, आतली लाल जाळी उन्हात चमकली, आणि मग सगळीकडे उकलू लागली. ज्या बायांनी फांद्या वाहिल्या होत्या त्यांनी आपापले झाड ओळखून काढले आणि त्याच्याखाली टोपल्या मांडल्या. पंचाहत्तर झाडे लवली होती. पूर्वेच्या टोकाला राजा गेला. त्या बारा झाडांवर मिळून चारच फळे होती.

“ही चार कशी आली?” राजाने विचारले.

“किड्यांना मी हद्द समजावली नव्हती, महाराज.”

राजा मोठ्याने हसला. मग त्याने त्या बारा झाडांच्या दोऱ्या मागून घेतल्या, त्यांवरून बोटे फिरवली, आणि त्यांच्याजवळच्या भरल्या झाडांच्या दोऱ्यांवरून फिरवली. या वेळी त्याला गाठी वाचता आल्या.

त्या वर्षीच्या कौमुदीला राजवाड्याच्या दारात पहिले जायफळ बोधिसत्त्वांनी किसले. वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. मग मुलांना बोलावण्यात आले. त्या वर्षी जन्मलेली मुले आयांच्या कडेवर आली. त्यांच्यामागून गेल्या वर्षी राहिलेली आली, आणि त्यांतली बरीचशी आपल्या पायांनी चालत आली. राजाचा नातू एका कोळ्याच्या मुलीचा हात धरून आला, कारण ती त्याच्यापेक्षा नीट चालत होती. दोघांनी एकेक जायफळ घेतले आणि लगेच तोंडात घातले. ते काढून घेताना आयांची तारांबळ उडाली, आणि सगळे नगर हसले.

हसू ओसरल्यावर राजाने चित्रगोपाचा शेला उतरवून घेण्याची आज्ञा दिली. अंकोलाला त्याने सर्व उद्यानांचे अधिपतिपद देऊ केले, आणि राईच्या उत्पन्नाचा अर्धा वाटाही.

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, मला माझे जुने घर आणि राई पुरे. चित्रगोपांना घालवू नका. त्यांनी लावलेली एकोणसत्तर रोपे आहेत. त्यांतले कोण बाप होणार आणि कोण आई, हे सात वर्षे झाल्याशिवाय कळत नाही. तोवर रोज त्यांना पाणी घालणारा माणूस हवा. तो चांगला बघणारा हवा, आणि ते चांगले बघतात.”

चित्रगोपाने मान खाली घातली. तो म्हणाला, “सात वर्षे मी एका झाडाला चुना लावणार नाही.”

बोधिसत्त्वांनी राजाकडे दुसरे एक मागितले. जो कोणी मागायला येईल, मग तो परक्या देशाचा का असेना, त्याला राईतले ताजे बी द्यावे, आणि मूठभर द्यावे, एकटे कधी देऊ नये. राजाने ते मान्य केले. आजारी खलाशाच्या बेटावरचा रिवाज असा तिसऱ्या पिढीत सिंधुवेलेला समजला.

ओढ्यापलीकडचे ते झाड पुढच्या वर्षी बुंध्यापासून फुटले. त्याला फळ कधीच आले नाही. पण कौमुदीच्या दिवशी नगरातले लोक दुधाचा एक द्रोण आधी त्याच्या मुळाशी ठेवीत, आणि मग आपण पीत.

शास्त्यांनी ही कथा सांगितली ती एका वर्षावासात. विहाराचे कोठार सांभाळणारा चंदिम नावाचा भिक्षू तक्रार घेऊन आला होता. पिलक्ख नावाचे एक वृद्ध स्थविर ना उपदेश करतात, ना सूत्रे शिकवतात, नुसती पाण्याची मडकी भरतात आणि आजाऱ्यांपाशी बसतात. धान्य थोडे आहे, तेव्हा त्यांना दुसऱ्या विहारात पाठवावे, असे त्याचे म्हणणे होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा अरिष्टवर्मा राजा म्हणजे आज आपल्याला ही वनभूमी देणारा गृहपती. तेव्हाची सामा म्हणजे दर पौर्णिमेला संघासाठी दूध आणणारी आणि ते कमी पडले की आपल्यालाच दटावणारी उपासिका. तेव्हाचा चित्रगोप हा आपला चंदिम. अंकोल माळी मीच होतो. आणि त्या एकट्या झाडात ज्या वृक्षदेवतेचा वास होता, जिने आपले अंग कापून दिले आणि राग धरला नाही, ते आज पिलक्ख स्थविर आहेत.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. पिलक्ख स्थविर तेथे नव्हते. ते पाणी आणायला गेले होते. चंदिम उठला, उत्तरीय सावरून झपाझप पायऱ्या उतरला, आणि वाटेत त्यांच्या डोक्यावरचे मडके त्याने आपल्या डोक्यावर घेतले.

ते पाहून शास्ते म्हणाले, “ज्याचे फळ दिसत नाही त्याच्यापाशी जो थांबू शकतो, त्याची ती क्षांती, धीराने सोसणे. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी क्षांतिपारमिता पूर्ण केली.”